कौलांतून धूर निघेना

गेल्या आठवड्यात मुलाने घरात शिट्टीचा कुकर आणला. सून पहिल्या दिवशी जरा बिचकली, पण आता तिचा हात बसला आहे. माझी बायको स्टुलावर बसून शिट्ट्या मोजते आणि मोजताना हसते. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसतो. शिट्टी झाली की मला बरं वाटतं. आत काय चाललं आहे ते निदान हा कुकर सांगतो. आमचा पहिला कुकर काहीच सांगत नसे.

तीस सालाच्या आगेमागे मी रत्नागिरीच्या कचेरीत कारकून होतो. खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर जांभ्या दगडाचं एक लहान घर भाड्याने घेतलं होतं. घरात तिघं: मी, बायको आणि गावाहून माझ्याकडे राहायला आलेली माझी विधवा आई. बायकोला खोकला होता. चुलीपुढे बसली की उबळ यायची आणि लाकडं ओली असली तर ती भिंतीला धरून उभी राहायची. आदल्या वर्षी तिला दिवस गेले होते, पण अशाच एका उबळीनंतर गर्भ पडला. पुन्हा दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की हिला धुरापासून लांब ठेवा, या खेपेला मूल गेलं तर ही पण राहायची नाही.

आईला एकटीला स्वयंपाक जमत नव्हता, तिच्या हाताला कंप होता. म्हणून मी मुंबईहून आगबोटीने कुकर मागवला. आमच्या आळीत तो कोणी पाहिलेला नव्हता. उंच पितळी डबा, तळाला पाणी, त्यात एकावर एक बसणारी कल्हईची तीन भांडी आणि खाली कोळशाची लहानशी शेगडी. कोळसे मागच्या पडवीत फुलवून घ्यायचे, शेगडीत टाकायचे, झाकणाच्या कड्या अडकवायच्या आणि आपल्या कामाला लागायचं. ढवळणं नाही, फुंकणं नाही. मी कचेरीत जायच्या आधी लावून ठेवत असे आणि बायको नंतर नुसती उघडत असे. पंधरवड्यात तिचा खोकला जवळजवळ थांबला. ती रात्रभर झोपू लागली.

आईला मात्र ते सोसेना. कुकरवर तिचा राग नव्हता, तिचं दुखणं चुलीचं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. शेजारच्या घरून कुळथाची पिठी आणि भात येतो, पिठीला फोडणी नसते. आणणारी बाई हाक मारत नाही, काही विचारत नाही, भांडं पायरीवर ठेवते आणि मागे न बघता जाते. ते भांडं परत करताना त्यात काही घालायचं नाही, रिकामंच द्यायचं. एरवी रिकामं भांडं परत करणं आमच्यात वाईट. आई म्हणे की ज्या घरात चूल थंड ते घर सुतकातलं दिसतं. दिवसातून एकदा तरी पेटव, दोन काटक्यांची का होईना. मी म्हणे, दोन काटक्यांचा धूरसुद्धा धूरच. तरी ती रोज सकाळी उठून चूल सारवे आणि न पेटवलेल्या चुलीपुढे हात शेकत असल्यासारखी बसून राही.

कधी ती कुकरजवळ जाऊन कान लावी. भांडी आतल्या आत हलत, वाफ कुठून तरी बारीक निसटे आणि बंद दाराआड माणसं हळू बोलत असावीत तसा आवाज येई. एकदा मी विचारलं, काय ऐकतेस. ती म्हणाली की आमच्या गावची माणसं बोलतात, पण कोण ते कळत नाही. मी हसलो. ती हसली नाही.

आमच्या वरच्या अंगाला एक म्हातारी राहत होती, मी तिला काकी म्हणे. तिचा नवरा गलबतावर होता, तो समुद्रातच गेला. मुलीच्या बाळंतपणासाठी काकी केळशीला गेली होती, त्यामुळे कुकर आलेला तिला माहीत नव्हता. ती परत आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला जाताना तिने आमच्या घराकडे पाहिलं. आळीतल्या सगळ्या कौलांतून धूर झिरपत होता, आमच्या कौलांतून नव्हता. ती केळशीला गेली तेव्हा माझ्या बायकोचा खोकला तिच्या अंगणात ऐकू जात असे. आता खोकलाही नव्हता. तिला जे वाटायचं ते वाटलं, आणि अशा वेळी विचारायचं नसतं म्हणून तिने विचारलं नाही.

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी मागून पुढच्या दारी आलो तर पायरीवर पितळी तपेलं, वर केळीचं पान. पान उचललं. भात आणि त्याच्या कडेला घट्ट, तपकिरी पिठी. वर तेलाचा थेंब नव्हता. वाटेवर कोणी नव्हतं. माझ्या मागे आई येऊन उभी राहिली होती, तिने वाकून वास घेतला आणि तिलाही कळलं.

आतून बायकोने विचारलं, "कोण आलं होतं हो?"

"कोणी नाय गो," आई म्हणाली. "पड तू."

मी तपेलं उचलून कुत्र्याला घालायला निघालो. आईने माझं मनगट धरलं. तिच्या हाताला नेहमीचा कंप नव्हता, हे मला तेव्हाच जाणवलं.

"दारात आलेलं टाकता येत नाय. कोणाच्या तरी नावाचं हाय ते."

"काकी चुकली असेल."

"चुकली असंल. पण आणलं ना?" मग तिने बायकोच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. "घरात माणसं कोण, तू मोज. तू हायस, मी हाय, ती हाय आणि तिच्या पोटातलं हाय. यातलं कोण देतोस?"

आई तपेलं घेऊन थंड चुलीपुढे भिंतीला पाठ लावून बसली आणि जेवू लागली. स्वतःच्या नावाची पिठी कोणी जेवत नाही, जेवूच शकत नाही. ती सावकाश, एकेक घास चावून जेवत होती, बोटाने पिठी निपटून घेत होती. मी एकदा "आये, नको" म्हणालो. तिने मान हलवली.

"तिचा खोकला थांबलाय तो थांबू दे. चूल मी आता मागत नाय."

मी शिकलेला होतो. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही आहे असं म्हणता येत नाही. तरी मी दारात उभा राहिलो, तिच्या हातातलं तपेलं काढून घेतलं नाही, आणि तिने शेवटचा घास गिळला तेव्हा माझी छाती हलकी झाली. मनाशी म्हणालो, सुटलो. हे मी कोणाजवळ बोललो नाही.

तपेलं घासून रिकामंच घेऊन मी काकीकडे गेलो. तिने पदर तोंडाशी नेला आणि हळू आवाजात विचारलं, "कधी नेलंत?"

मी सांगितलं की कोणी गेलेलं नाही, बायको बरी आहे, आम्ही कोळशावर शिजवतो म्हणून धूर नसतो. ती अंगणातच खाली बसली. मग तिने रिकाम्या तपेल्यात पाहिलं.

"मग खाल्लं कोणी?"

"कुत्र्याला घातलं," मी म्हणालो.

त्यानंतर आई आजारी अशी पडली नाही. चूल रोज सारवायची, पण पेटवण्याचं नाव काढत नव्हती. जेवण कमी होत गेलं. कुकरला कान लावून ती आता जास्त वेळ बसे, आणि एकदा आपण होऊन म्हणाली की कोण बोलतं ते आता कळतं. कोण, हे मी विचारलं नाही. बायकोचं पोट वाढत होतं, तोंडावर तेज आलं होतं. मी कचेरीतून येताना लांबूनच धूर नसलेली कौलं पाही आणि पाऊल अडखळे.

श्रावणात मुलगा झाला. आईने त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या टाळूला तेल घातलं. बारशाच्या आधीच एका दुपारी ती चुलीपुढे भिंतीला पाठ लावून बसली होती, तशीच गेली. त्याच जागी. मी हाक मारली तेव्हा कुकरमधली भांडी हलत होती.

पावसाची उघडीप बघून आम्ही तिला नेलं. परत आलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. चूल थंड होती, ती तशीच असायला हवी होती. बायको बाळंतिणीच्या खोलीत उपाशी, आणि मूल अंगावर पिणारं. मी पायरीवर बसून काकीची वाट पाहत होतो. ती आली, पण अंगणाच्या दगडी गडग्याच्या पलीकडेच थांबली. हात रिकामे होते.

"कुत्र्याला घातलं नव्हतंस ना रे?"

मी मान खाली घातली.

"माझं एकदा आणून झालंय, बाबा. दुसऱ्यांदा आणलं तर ते दुसरं माणूस मागंल." तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "बाळंतिणीला उपाशी ठेवू नको," म्हणाली आणि गेली. मागे वळून पाहिलं नाही.

मी मागच्या पडवीत गेलो आणि कोळसे फुलवले. आई गेली त्या दिवशी मी माझ्या हाताने घरात विस्तव केला. भात लावला, कड्या अडकवल्या आणि शेजारी बसलो. वाफ धरली, भांडी हलू लागली. मी कान लावला नाही. पण त्या दिवशी आवाज मोठा होता, बसल्या जागी ऐकू येत होता, आणि मधूनच तो थांबे, कोणी उत्तराची वाट बघत असल्यासारखा.

भात पानावर वाढून बायकोपुढे ठेवला. घरात शिजवलेलं आज ती खाणार नाही हे मला ठाऊक होतं. तिने विचारलं, "काकींनी आणलं का?"

"हो," मी म्हणालो.

ती जेवली. मुलगा जगला, ती जगली. काकीला जाऊन किती वर्षं झाली, पण आजही भात चांगला मऊ झाला की बायको म्हणते, त्या दिवशी काकींनी आणलेल्या भाताची चव काही और होती, किती मायेने आणला होता बाईने. काल सुनेला पहिल्याच शिट्टीपाशी हेच सांगत होती. मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आत दुसरी शिट्टी झाली, मग तिसरी. मग सुनेने कुकर खाली उतरवून ठेवला, आणि तो गप्प झाला तसा मी उठून अंगणात गेलो.

हे लिहून झालं की कागद आधी बायकोला वाचायला देणार आहे.