पाय पुढं कर

हिरामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी समाजमंदिरात सतरंजी अंथरत होते. गुरुवार होता, आमच्या शुगरच्या बैठकीचा दिवस. फोन ठेवला आणि अर्धी उलगडलेली सतरंजी तशीच टाकून खाली बसले. त्यानंतर कित्येक आठवडे बैठक भरली नाही. कुणाला उत्साहच उरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला सर्वांत कमी.

मावशी रेवदंड्याची. उभा जन्म मासळी विकण्यात आणि बोंबील वाळवण्यात गेला. मी शाळेतून निवृत्त झाले त्या सुमारास आम्हा दोघींना शुगर निघाली आणि आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांनी ही बैठक सुरू केली, तिथं आमची जोडी जमली. पहिल्याच दिवशी ताटातला भात अर्ध्यावर आणा म्हटल्यावर मावशीनं सिस्टरांना सुनावलं होतं, भाताचं ऐकते, पण मासळीला हात लावायचा नाही. सगळी बैठक हसली. तोवर आम्ही तोंडं पाडूनच बसलो होतो.

खरी अडचण पुढं आली. या आजारात पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही, आणि स्वतःचा तळवा काही स्वतःला नीट दिसत नाही. म्हणून सिस्टर म्हणाल्या, जोडी करा, एकमेकींचे तळवे बघा. कुणी हलेना. वडीलधाऱ्या माणसाला चुकून पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं आपण. आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर पाय कसा ठेवणार? मी साडीखाली पाय दुमडून बसले होते. मावशी समोर येऊन बसली आणि मांडीवर हात आपटून म्हणाली, "पाय पुढं कर, बाय. मी काय देव न्हाय."

मग सगळ्यांचेच पाय पुढे आले. पुढची काही वर्षं दर गुरुवारी माझे तळवे तिच्या मांडीवर आणि तिचे माझ्या. तिच्या टाचांच्या भेगांत वाळू असायची आणि माशांचा वास सतरंजीला लागायचा. नवरात्र जवळ आलं की ती दारोदार फिरून बायकांना चप्पल घालायला लावायची. आमच्याकडे कितीतरी जणी नऊ दिवस अनवाणी राहतात. मावशी त्यांना सांगायची, देवीला आपले पाय हवेत, पायाच्या जखमा नकोत. तिच्या शब्दावर हट्टी म्हाताऱ्यांनीही चपला घातल्या.

यंदा नवरात्रानंतरच्या गुरुवारी तिनं माझे पाय बघितले, आपले मात्र साडीखाली ओढून घेतले. धुतले नाहीत म्हणाली. पुढच्या गुरुवारी आलीच नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी कळलं, नवरात्रात अनवाणी फिरताना तळव्याला जखम झाली होती, आता अलिबागला दवाखान्यात आहे, पाय काळा पडला आहे...

भेटायला गेले तेव्हा रागानंच गेले होते. गावाला शहाणपण शिकवून स्वतः अनवाणी फिरलीस? मावशीनं छताकडे बघत सांगितलं. नवरा एकदा वादळात अडकला तेव्हा तिनं देवीला शब्द दिला होता, जन्मभर नवरात्रात अनवाणी राहीन म्हणून. नवरा परत आला, पुढं म्हातारा होऊन गेलाही. नवस तसाच चालू राहिला. इतकी वर्षं ती आम्हाला चपला घालायला लावून स्वतःची चप्पल पिशवीत टाकायची, आणि आजवर निभावलं होतं.

"बाकीच्यांसाठी मी देवीशी बोलले, बाय," ती म्हणाली. "माझ्यासाठी बोलायला तोंड व्हईना."

पाय काढला, तरी विष अंगात भिनलं होतं. मला तिचा राग आला, अजूनही येतो. रडून झालं, तरी राग काही जात नाही.

गेल्या गुरुवारी सिस्टरांनी फारच आग्रह केला म्हणून गेले. सतरंजीवर माझ्या समोरची जागा रिकामी होती. मावशीची सून कविता आत आली आणि तिथं बसली. तिलाही आता शुगर निघाली आहे. तिनं माझा पाय मांडीवर घेतला, तळवा उजेडाकडे वळवून निरखला, बोटांच्या बेचक्या तपासल्या. सासूनं दवाखान्यात तेवढंच सांगितलं होतं म्हणे, बाईंचे पाय बघायला कुणी नाही, तू जा.

मी विचारलं, नवरात्राचं काय? ती सतरंजीकडे बघत म्हणाली, "घरात म्हनतात, सासूचा नवस आता सुनेनं चालवायचा."

माझे पाय बघून झाले होते. तिनं आपले हळूच साडीखाली ओढून घेतले, अगदी मावशीनं ओढले होते तसेच. मी दमले आहे हो या सगळ्याला... पण मी मांडीवर हात आपटला.

"पाय पुढं कर," मी म्हटलं.

तिनं साडीचा काठ आणखी खाली ओढला. मीही हात मागे घेतला नाही. बऱ्याच वेळानं तिचा पाय माझ्या मांडीवर आला. टाचेच्या भेगांत वाळू होती.