कुरणे वकिलांनी न विचारलेला प्रश्न

उचगावात कुणाचं पोरगं पोलिसांनी उचललं की घरची बाई आधी रडत बसत नाही, आधी नागसेन कुरण्यांचं घर गाठते. रडणं काय, नंतरही होतं. कुरण्यांची वकिली अठ्ठावीस वर्षांची. हाताखाली ज्युनियर नाही, टायपिस्ट नाही, पाटीवर दुसऱ्या कुणाचं नाव नाही. घराच्या पुढच्या खोलीत लोखंडी टेबल, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि टेबलावर फायलींचा असा ढीग, की पक्षकाराला वकील दिसायला मान तिरकी करावी लागते.

वडील फौंड्रीत साचे भरायचे. पोरगा काळा कोट चढवून पहिल्यांदा कोर्टात निघाला तेव्हा म्हातारा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, "आमी कामावरनं काळं हून येतोय. तू घरातनंच काळा हून निघालाईस."

कुरणे उलटतपासाला उठले की बाररूममधली तरणी पोरं हातातला चहा तसाच टाकून ऐकायला येतात. माणूस आवाज चढवत नाही. साक्षीदाराशी असा बोलतो, जसा जत्रेत भेटलेल्या पाहुण्याशी.

"पावणं, पंचनाम्याच्या दिवशी पोलिसांनी चहा तरी पाजला का न्हाय?"

"पाजला की."

"कुठं, दुकानावर?"

"दुकानावर कशाला जातोय मी? ठाण्यातच सही केली आन् घरला आलो."

झालं. जाग्यावर जाऊन केलेला म्हणून जो पंचनामा, तो खुर्चीत बसून लिहिलेला निघायचा आणि सरकारी वकील कपाळाला हात लावायचे.

या माणसाचा एक नेम होता. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकाही पक्षकाराला "केलंस का?" असं विचारलं नव्हतं. कुणी आपणहून सांगायला लागला तर हात वर करून थांबवायचे. "गप. मी इचारीन तेवढंच सांग." बायको श्यामला शाळेत शिक्षिका. ती एकदा म्हणाली होती, "अहो, पण जाणून घ्यावंसं वाटत नाही?" तर म्हणाले, "कळलं की जीभ जड होते. हलकी जीभ ठेवून लढलेलं बरं."

जीभ हलकी राहिली, माणसं सुटत गेली. पण त्यामुळं गावात काय होऊन बसलंय, ते कुरण्यांना परवाच्या रविवारी कळलं.

सकाळी नऊच्या सुमाराला दारात एक पाहुणा उभा राहिला. पांढरी टोपी, हातात पिशवी, पिशवीत गुंडाळी केलेले कागद. नाव भाऊसो, राधानगरीच्याही पलीकडचे. पाणी प्याले, श्यामलाबाईंनी दिलेले पोहे खाल्ले आणि मग कागद टेबलावर उलगडला.

"ह्या राजवीरला तुमीच सोडवलासा न्हवं का?"

कुरण्यांनी कागद ओळखला. चार वर्षांपूर्वीचा निकाल. राजवीर म्हणजे उचगावातला मोटर भरणारा पोरगा. शेतातल्या जळालेल्या मोटरीची तांब्याची तार काढून नवी गुंडाळून द्यायचा त्याचा धंदा. कसबा बावड्याच्या गणपतरावांची नदीवरनं चोरीला गेलेली मोटर त्याच्या दुकानात सापडली होती. अकरा दिवस कळंब्याच्या जेलात काढले पोरानं. मग कुरण्यांनी पंचाला चहाचं विचारलं आणि खटला उताणा पडला.

"सोडलं कोर्टानं," कुरणे म्हणाले. "मी नुसता उभा हुतो."

"त्येच की. आमची थोरली सई हितं कोल्हापुरात नर्स हाय. पोरगं बघून गेलं. तिला पसंत हाय, मला बी वाईट वाटलं न्हाय. पण ह्यात बगा काय लिवलंय." भाऊसोंनी बोट ठेवून वाचलं, "'आरोपीस संशयाचा फायदा देण्यात येत आहे.' म्हंजे संशय हाय."

"संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, भाऊसो. कायदाच हाय तसा."

"कोर्टात, वकीलसाहेब. सोयरिकीत संशयाचा फायदा पोरीच्या बापाला."

कुरण्यांना हसू आलं. असा मुद्दा समोरच्या बाजूनं बऱ्याच दिवसांत कुणी मांडला नव्हता.

"आन् गावात चौकशी केली," भाऊसो पुढं म्हणाले, "तर लोक म्हणत्यात, कुरण्यांनी सोडवलाय न्हवं, मग केलंच असणार."

"असं म्हणत्यात?"

"चार जागी इचारलं. चारी जागी ह्येच."

आत भांडी घासायचा आवाज थांबला. श्यामलाबाई ऐकत होत्या.

"मी न्हाय म्हणून मोकळा हुणार हुतो. पण सई म्हणाली, न्हाय म्हणायचं तर इचारून म्हणा, वकिलाला ठावं असंल. म्हणून आलो. लांबड लावू नका. त्यानं ती मोटर चोरली हुती, का न्हाय?"

कुरणे पेचात पडले. न्हाय म्हणावं तर कशाच्या जोरावर? माहीत नाही म्हणावं तर पोराचं लग्न या टेबलावरच मोडलं. हजारभर साक्षीदारांना घाम फोडलेला माणूस घरच्या खुर्चीत घामाघूम झाला.

"जरा मुदत द्या," ते म्हणाले.

"चारच्या एसटीनं मी जाणार. तवर काय ते सांगा."

कुरणे कोट न घालताच बाहेर पडले आणि राजवीरच्या दुकानात गेले. पोरगा मांडीवर गाडगं घेतल्यागत मोटर घेऊन बसला होता. वकील बघून उठायला लागला.

"बस. राजवीर, आज एक इचारतो. ती गणपतरावांची मोटर... तू आणली हुतीस का रं?"

राजवीरचा तार ओढणारा हात थांबला.

"म्हंजे? तुमालाबी म्हाईत न्हवतं व्हय?"

कुरण्यांनी जवळचं स्टूल ओढून घेतलं.

"चार वर्सं मी म्हणतोय, गाव काय बी बोलू दे, आपल्या वकीलसायबांस्नी ठावं हाय. लय आधार वाटायचा त्याचा. पहिल्याच दिवशी सांगाय लागलो हुतो की मी. तुमी म्हणालासा, गप."

"आता सांग. सगळं सांग."

राजवीरनं सांगितलं ते एवढंच. एक अनोळखी माणूस टेम्पोतनं मोटर टाकून गेला, भरून ठेव म्हणाला. झाकण खोलल्यावर आतल्या बाजूला छिन्नीनं कोरलेलं नाव दिसलं, गणपतराव, कसबा बावडा. दुकानात तेव्हा बावड्याचंच एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं होतं. राजवीरनं त्याच्याजवळ निरोप दिला, तुमच्या गावच्या माणसाची मोटर हाय, येऊन न्या म्हणावं. दोन दिवसांनी मालकाच्या ऐवजी पोलिसांची गाडी आली.

"कोण ते गिऱ्हाईक?"

"नाव न्हाय म्हाईत. मिक्सर निळा हुता."

कुरणे घरी आले आणि गाडीला किक मारली. म्हणाले, बावड्याला जाऊन येतो. भाऊसो टोपी सारखी करून मागं बसायला लागले.

"तुमी बसा की घरात, भाऊसो. मी इचारून येतो."

"न्हाय, मी बी येणार. तुमी एकटं गेलासा तर साक्षीदार फिरवशीला."

बावड्याच्या नदीकाठी गणपतराव उसाला पाणी पाजत होते. तीच मोटर घूं घूं चालली होती. शेजारी बांधावर त्यांचे थोरले भाऊ तंबाखू मळत बसले होते. त्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं.

"या की वकील," गणपतराव म्हणाले. "आता कुणाला सोडवाय आलासा?"

"त्याच पोराला, अजून सुटला न्हाय. गणपतराव, एक इचारायचं हुतं. तुमची मोटर उचगावच्या दुकानात हाय, हे पोलिसास्नी कुणी सांगितलं?"

पोलिसांच्या कागदांत तिथं 'गोपनीय बातमीदार' एवढंच होतं. कोर्टात हा प्रश्न कुरण्यांनी विचारला नव्हता. ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, तो प्रश्न उलटतपासात विचारू नये, असं शहाणा वकील समजतो.

"मीच की," गणपतराव म्हणाले.

"आन् तुमास्नी?"

"आमच्या आण्णानं."

आण्णांनी तंबाखू दाढेखाली सरकवली. "मी मिक्सर घिऊन गेलतो. त्या पोरानंच सांगितलं की. नाव वाचून दावलं आन् म्हणाला, मालकाला धाडून द्या."

कुरण्यांनी वळून भाऊसोंकडं बघितलं. मोटर तेवढी चालली होती.

"मग गणपतराव, तुमी दुकानात न जाता पोलिसात का गेलासा?"

"चोरीची मोटर सापडल्यावर पोलिसात जायाचं न्हाय, तर काय तालमीत जायाचं? आन् ह्या आण्णानं मला नुसतं सांगितलं, मोटर उचगावात हाय. निरोप पोरानं दिलाय, ह्ये कुठं सांगितलं?"

"तू इचारलंस कुठं?" आण्णा म्हणाले. "ऐकलंस आन् चप्पल बी न घालता पळालास."

"कोर्टात तरी बोलायचं, आण्णा," कुरणे म्हणाले.

"मला बोलावलंच न्हाय कुणी. ह्याला बोलावलं, तर तुमी ह्याला मोटरीचा रंग इचारलासा आन् खाली बसलासा. आमी घरात दोन दिवस हसत हुतो, केवढा वकील आन् रंग इचारतोय."

कुरण्यांनी मान खाली घातली, पण खांदे हलत होते. त्यांना हसू आवरत नव्हतं.

गणपतरावांचा चेहरा मात्र उतरला होता. "अकरा दिवस आत हुतं न्हवं पोरगं?" त्यांनी हळूच विचारलं. "आन् कोर्टातनं मोटर सुटल्यावर अर्धवट खोलल्याली दुसरं कुणी हातात घिईना, म्हणून मी परत त्याच्याकडंच नेली. एक शबूद बोललं न्हाय मला. भरून दिली. तवापासनं एकदा जळाली न्हाय."

भाऊसो इतका वेळ उसाच्या सरीत उभे होते. ते आण्णांच्या पुढ्यात जाऊन उकिडवे बसले. वकिलाचं झालं, आता बापाचा उलटतपास.

"मिक्सर दुरुस्त करून दिला का त्यानं?"

"दिला की."

"चालतोय?"

"घरात सुनेला इचारा. सकाळपासनं थांबत न्हाय."

भाऊसोंनी खिशातनं फोन काढला आणि वाऱ्याकडं पाठ केली. मोटरीच्या आवाजात ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलत होते, त्यामुळं सगळ्या शिवाराला ऐकू गेलं.

"सई, ऐकतीस न्हवं? हां. काय न्हाय, चांगलं हाय पोरगं. न्हाय न्हाय, वकिलानं न्हाय सोडवला. फिर्यादीनं सोडवला."

पलीकडनं ती काहीतरी बोलली. भाऊसो ऐकत राहिले. मग त्यांनी फोन जरा बाजूला धरून कुरण्यांना विचारलं, "ती म्हणती, राजवीरला होकार तिनं सांगायचा का आमी?"

"तिलाच सांगू दे," कुरणे म्हणाले. "मी सांगितलं तर गावाला परत संशय यायचा."