आकाशपाळण्याचा पहिला मान

नवं लढाऊ विमान तयार झालं की त्यात पहिल्यांदा कुणाला तरी बसावंच लागतं. हवाई दलात ते काम माझं होतं. निवृत्त होऊन मेहकरजवळच्या माझ्या गावी आलो आणि गावानं मला कशालाच न भिणारा माणूस ठरवून टाकलं. जिकडेतिकडे शाल, नारळ, हार. झेंडूच्या वासाची मला आता शिसारी येते.

यंदा जत्रेत आकाशपाळणा आला. आमच्याकडे नवी विहीर असो की नवा ट्रॅक्टर, पहिला मान कुणाला तरी द्यावाच लागतो. जत्रेच्या कमिटीत माझा चुलतभाऊ. त्यानं नारळ फोडला, पाळण्याला हार घातला आणि म्हणाला, "दादा, बसा. तुमाले काय भेव?"

मी सवयीनं आधी वाकून पाहिलं. बसायचा पाळणा ज्या दांड्याला लोंबतो, त्याच्या टोकाची पिन नव्हती. पिनेच्या जागी तारेचे वेढे, आणि वर हळदकुंकवाचा लगदा. यंत्राची पूजा म्हणून हे लोक त्याची जखम माखून ठेवतात, याची मला किळस आली.

"हा चालवू नका," मी म्हणालो.

"मागच्या गावच्या जत्रेतही असाच होता, दादा. झालं का काही?" पाळणेवाला म्हणाला.

माझा एक सोबती असल्याच वाक्यावर भरवसा ठेवून उडाला होता. त्याचं जे उरलं, ते ओळखायला मला नेलं होतं. पण हे कुणाला सांगणार? माझं काम शौर्याचं नव्हतंच. विमान उडवून खाली उतरायचं आणि त्यात काय वाईट आहे ते बनवणाऱ्यांच्या तोंडावर सांगायचं, एवढंच होतं.

"पायलट भेला बे," मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

भावाला ते लागलं. मान वाया जाऊ नये म्हणून त्यानं आपल्या नातीलाच उचलून त्या पाळण्यात बसवलं. मी पुढे झालो, तर गर्दीतल्या दोघांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. पाळणा फिरला. मी फक्त त्या तारेकडे पाहत राहिलो.

पोरगी हसत उतरली. माझा जीव भांड्यात पडला, तोच मागे रांग लागलेली दिसली. पुढेच माझी सून, कडेवर माझा नातू.

"बाबा, आमी बी एक चक्कर मारतो."

मी नातवाला तिच्या कडेवरून ओढून घेतलं. त्यानं भोकाड पसरलं. सुनेनं सगळ्यांदेखत माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिथे मीच काही घाण केली होती.