गेरूवाले आणि हिरवेवाले

माझ्या भावाला देवासच्या कारखान्यात विजेच्या कामाची नोकरी मिळणार नाही, हे तिथल्या डॉक्टरच्या आधी मला कळायला हवं होतं. तीन दिवाळ्या मी त्याच्या शेजारी बसून मातीचं सैन्य रंगवलं. डोळे होते ना मला? होते की. पण डोकं कायम तापलेलं, त्यामुळे डोळ्यांचा उपयोग शून्य.

आम्ही माळव्यातल्या धारचे. वडील, म्हणजे नाना, हिंदी शाळेत इतिहास शिकवायचे. घरात मराठी आणि ओट्याखाली उतरलं की माळवी-हिंदी. गावात चांगला भलामोठा खरा किल्ला होता, तरी दिवाळीत आमच्यासारख्या घरांपुढे दगडमातीचा छोटा किल्ला व्हायचाच. आता किल्ला म्हटला की मावळे आले, आणि मावळे आले की नाना आले. "ही पगडी त्या काळातली नव्हे." "ढाल कुठल्या हातात धरतात?" "अंगरख्याचे बंद कुठे गेले?" एका दिवाळीत त्यांनी दादाचे बारा मावळे ओळीनं उभे करून एकेकाच्या चुका सांगितल्या. दादा मान खाली घालून ऐकत राहिला. मी मात्र फणफणले. म्हटलं, "दादा, असं सैन्य कर की जे कुठल्याच पुस्तकात नाही. मग बघू, नाना काय चूक काढतात ते!"

दादा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बोलायला कमी, पण हातात कसब. कुंभाराकडून आणलेली माती तो भाकरीच्या पिठासारखी मळायचा आणि बोलता बोलता, म्हणजे मी बोलता बोलता, त्याच्या हातून शिपाई उभा राहायचा. कुणाला मगरीचं तोंड, कुणाला घोड्याचे कान. एकाला चार हात. एक तर नुसतं पोट आणि खाली कोंबडीचे पाय. शेजारचे काका दूध घेऊन येताना थांबून म्हणायचे, "वा भिया, कंई फौज हे!" नानांनी चष्मा पुसून पुसून पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि आत गेले. आम्ही जिंकलो.

रंगांचा कारभार माझा. दादा सगळे शिपाई एकत्रच करायचा, इकडचे कोण आणि तिकडचे कोण असं त्याच्या मनात काही नसायचं. पण सैन्य म्हणजे दोन बाजू हव्यात, नाहीतर लढणार कोणाशी? तेव्हा कोण कोणाकडचा हे रंगावरून ठरायचं आणि रंग मी ठरवायची. बाजारातले तयार रंग आई आणू द्यायची नाही. घरात जे होतं त्यातच भागवायचं: उंबऱ्याचा गेरू, भिंतीची पिवडी, धुण्याची नीळ, चुना, काजळी. डिंकाच्या पाण्यात कालवलं की झाले रंग.

पहिल्या वर्षी मी एक बाजू पिवडीची केली आणि दुसरी निळीची. दादा म्हणाला, "हे फार छान दिसतंय. असंच राहू दे." दादानं रंगांबद्दल आपण होऊन दिलेलं हे पहिलं आणि शेवटचं मत. मी ते झटक्यात उडवून लावलं. म्हटलं, "हॅट्! पिवळे शिपाई कावीळ झाल्यासारखे दिसतात." मग मी एका बाजूला गेरू दिला. दुसऱ्या बाजूसाठी पिवडीत नीळ घातली आणि एक मळकट हिरवा केला, शिजलेल्या कारल्याच्या भाजीचा असतो तसा. हा रंग मी स्वतः शोधून काढला होता, त्यामुळे मला त्याचा केवढा गर्व! गेरूवाले डोंगरातले, हिरवेवाले नदीतले, आणि त्यांचं हाडवैर. वैराचं कारण मी दरवर्षी नवीन सांगायची.

रंगवायची आमची रीत ठरलेली. शिपाई दादाच्या हातात, ब्रश माझ्या. तो विचारायचा, "ह्याला?" मी म्हणायची, "गेरू," आणि ब्रश बुडवून त्याच्या हातात द्यायची. पुढचा शिपाई. "ह्याला?" "हिरवा." प्रत्येक शिपायाला विचारायचा. एरवी घरात मला कोण विचारत होतं? म्हणून मला ते फार आवडायचं. मोठा भाऊ असून माझ्या हुकमाबाहेर नाही, असं मैत्रिणींना सांगत फिरायची मी.

चौथ्या वर्षी धामनोदच्या आत्याचं बाळंतपण निघालं आणि आईनं मला मदतीला पाठवलं. दिवाळी तोंडावर आलेली. निघताना मी दादाला बजावलं, "बिस्किटाच्या डब्यात गेरू आहे, लोणच्याच्या बरणीत हिरवा. निम्मे असे, निम्मे तसे. मी येईपर्यंत सगळे तयार पाहिजेत." तो म्हणाला, "हो, हो, जा."

मी परत आले ती वसुबारसेच्या दिवशी. ओट्यावर सैन्य मांडलेलं. बघते तर काय, गेरूचं तोंड आणि हिरवे हात, हिरवं पोट आणि गेरूचे पाय. ज्यांना एकच रंग होता तेही दोन्हीकडे मिसळून उभे. आणि मधोमध सेनापती. वीतभर उंच, मगरतोंड्या, शेपटीच्या खवल्यांपर्यंत कोरलेला, दादानं तोवर केलेल्यात सगळ्यांत देखणा. त्याचा एक गाल गेरूचा आणि एक हिरवा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, मी नव्हते म्हणून यानं माझी टर उडवली.

"मुद्दाम केलंस ना हे?"

"काय केलं?" दादा म्हणाला.

"वर विचारतोस काय केलं! लाज नाही वाटत?"

"तू सांगितलंस तसंच तर केलंय. आईनं साफसफाईत डबा आणि बरणी घासायला काढली, रंग दोन पणत्यांत ओतून दिले. मी त्यांतूनच..."

पुढचं मी ऐकलंच नाही. सेनापतीला उचललं आणि पायरीवर आपटलं. मुंडकं तुटून नालीपर्यंत घरंगळलं. दादानं ते उचललं, शर्टाला पुसलं आणि खिशात ठेवलं. मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं सगळे शिपाई एका पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा माळ्यावर टाकला. पुढच्या दिवाळीत मी माती आणली, तर म्हणाला, "आता मी मोठा झालो." मी दोन दिवस रुसून बसले. माफी मागायचं सुचलंच नाही.

पुढे दादानं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड घेतला. टेस्टर लावून लावून काम करायचा, कसा कोण जाणे पास झाला. एकदा जोरात शॉक बसला, तर नाना म्हणाले, "लक्ष नसतं तुझं." त्या सुमारास देवासला एकामागून एक कारखाने निघत होते आणि ओळखीपाळखीचा प्रत्येक मुलगा तिकडे अर्ज करत होता. दादाचीही निवड झाली. नाना चैत्रात रिटायर होणार, मागे आम्ही तिघं, म्हणजे सगळं घर त्या नोकरीवर टेकलेलं. फक्त मेडिकल उरली होती. आईनं पेढे सांगूनसुद्धा ठेवले.

दादा देवासहून परत आला तो चप्पल न काढता ओट्यावरच बसला.

"मेडिकलमध्ये काढलं," म्हणाला.

"काढलं? धडधाकट माणसाला?" नाना बाहेर आले.

"ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक होतं. त्यातले आकडे दिसले नाहीत. डॉक्टर म्हणाले, लाल-हिरवं कळत नाही तुला. तारांचं काम देता येणार नाही."

नाना असे काही भडकले की शेजारचे काका बाहेर आले. "चार-चार वर्षं ज्यानं फौज रंगवली, त्याला रंग कळत नाहीत? कोण हा डॉक्टर? मी पुरावा घेऊन जातो!" इतिहासाचे मास्तर ते, पुराव्यावर भारी विश्वास. त्यांनी मला माळ्यावर चढवलं. पहिल्या तीन वर्षांचे शिपाई केव्हाच मातीला मिळाले होते, तो एकच डबा शिल्लक होता.

धूळ पुसायला म्हणून मी एकेक शिपाई काढून ओळीनं ठेवला. गेरूचं तोंड, हिरवे हात. हिरवं पोट, गेरूचे पाय. मधेच माझा हात थांबला. "ह्याला?" "गेरू." "ह्याला?" "हिरवा." अगं बाई! म्हणून विचारायचा तो. सगळ्यांत खाली सेनापती होता. मुंडकं डिंकानं नीट चिकटवलेलं.

"नाना, हे नका नेऊ," मी म्हटलं.

"का? ह्याहून मोठा पुरावा कुठला?" त्या रंगांत त्यांना काही वावगं दिसलंच नाही. सैन्यच वेडंविद्रं, मग रंगही तसेच, असा त्यांचा समज.

मी दादाला परसात गाठलं आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नेऊ दे त्यांना. मी तोंडानं सांगून पटणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी नाना, दादा आणि मी इंदूरला गाडी बदलून देवासला गेलो. डबा सबंध वाटभर माझ्या मांडीवर. डॉक्टर पुण्याकडचे होते. त्यांनी नानांचं सगळं भाषण शांतपणे ऐकून घेतलं, शिपाई टेबलावर मांडायला लावले आणि दादाला म्हणाले, "ज्यांना एकच रंग आहे, त्यांतले लाल इकडे ठेव आणि हिरवे तिकडे."

दादानं एक उचलला, खाली ठेवला. दुसरा उचलला. एक हिरवा शिपाई त्यानं इकडे ठेवला, मग नानांकडे बघितलं आणि तिकडे सरकवला. मग हात मागे घेतला.

"माझा अंदाज होतो, नाना," तो म्हणाला. "दिसत नाही."

नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बारा मावळ्यांच्या बावन्न चुका काढणारे नाना आता स्वतःचीच चूक सांगू लागले. "मी ह्याला शॉक बसल्यावर बोललो हो," असं डॉक्टरांना म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

हाताला पट्टी बांधून घ्यायला एक गृहस्थ तिथे आधीपासून बसले होते, फाउंड्रीचे, म्हणजे लोखंड ओतण्याच्या विभागाचे फोरमन, बोलण्यावरून कोल्हापूरकडचे. त्यांनी चांगल्या हातानं सेनापती उचलला, शेपटीच्या खवल्यांवरून अंगठा फिरवला. "कोणी केलं हे? साच्यातलं आहे?"

"हातानं केलंय," दादा म्हणाला.

"साचे भरायला माणूस पाहिजे मला. वाळू-मातीचं काम, धूळ फार. तिथं सगळंच काळं असतं बघ, रंगबिंग कोण विचारतंय? येतोस?"

इलेक्ट्रिशियनच्या मानानं ते काम खालचं. नानांचा चेहरा पडला. दादानं मात्र लगेच "हो" म्हटलं. पुढे तो त्या फाउंड्रीत कायम झाला आणि घर त्याच्यावर चाललं. माझं लग्नही त्यानंच करून दिलं. पण हे सगळं नंतरचं.

परतीच्या गाडीत नाना पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मी दादाला म्हटलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस रे? मी तुला नाही नाही ते बोलले."

"मलाच कुठे माहीत होतं?" तो म्हणाला. "मला वाटायचं, सगळ्यांनाच लक्षात ठेवावं लागतं, कुठल्या डब्यात काय ते."

"आणि लढाई चालायची तेव्हा? गेरूवाले कोण, हिरवेवाले कोण, ते कसं कळायचं तुला?"

"कळायचं नाही. मला ते सगळे एकाच राजाचे वाटायचे." तो थोडा हसला. "तू मधे रेघ ओढून त्यांना मारामारी का करायला लावतेस, ते मला कधी उमगलं नाही. पण तू धाकटी. म्हटलं, खेळू दे."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि रडले. पुढे रस्ता खराब होता. दादानं माझ्या मांडीवरचा डबा उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.