हडळीची वेणी

परवा घोंगडी उन्हात टाकली आणि त्या लोकरीच्या वासानं मला थेट उत्रोलीला, आत्याच्या घरी नेलं. भर दुपारी खिडकीवर घोंगडी लावून आम्ही पोरं व्हिडिओवर भुताचा सिनेमा बघत होतो. केस मोकळे सोडलेली हडळ आली आणि मी किंचाळले. सगळी भावंडं हसायला लागली, "भित्री भागूबाई!" माझे डोळे भरले.

तेवढ्यात आत्या मला बिलगून ओरडली, "आगं बया, म्या बी लई भ्याले! आन् हिची वेणी कुणी घालीत न्हाई व्हय?" मग सगळे तिलाच हसले.

पहाटे स्मशानावरनं एकटी शेतावर जाणारी आत्या कशाला भिणार होती? माझं हसं तिनं स्वतःवर घेतलं होतं.

आत्या आता नाही. पण पडद्यावर हडळ दिसली की वाटतं, हिची वेणी घालायला तिकडं आत्या असेलच.