धुळ्याचा नकाशा, तापीकाठची माती

धुळ्याला नणंदेचं घर झालं, तेव्हा आम्ही त्याचा नकाशा जसाच्या तसा उचलला. आमच्याकडे हे नेहमीचं. पाहुण्यांचं घर पसंत पडलं, की तेच आपल्या गावी उभं करायचं. आमची जागा तापीकाठची, पूर्वीची केळीची बाग. पायाही त्यांच्याइतकाच खोल घेतला. खालच्या मजल्यावर राहायला आलो आणि वरचा मुलांसाठी काढला.

वरचा स्लॅब दुसऱ्या दिवशी ओतायचा होता. मजुरांच्या जेवणाची तयारी चालू असताना जमिनीतून घरघर आली. मांडणीवरची पातेली वाजू लागली. सासूबाईंना दोघांनी धरून अंगणात आणलं. वाटलं, भूकंप थांबला. आत पाहिलं तर बंद पंखा अजून झुलत होता.

नणंदेच्या घरी फोन लावला. नंदोई हसले.

"आठे तं चहा बी हालना नही, वहिनी! तुमनंच घर नाचस का?"

नकाशा एकच, मग आमचंच घर का हललं? मी तडक इंजिनीअरला बोलावलं. त्याने खांबाशेजारी खड्डा घ्यायला लावला. माणूस आत दिसेनासा झाला तरी मऊ मातीच निघत होती, तळाशी ओली.

"धुळ्याचं घर मुरमावर आहे, खाली लगेच खडक," तो म्हणाला. "तिथून धक्का चटकन निघून जातो. इथे नदीचा गाळ. यात तो मोठा होतो आणि रेंगाळतो. आजचा हलका होता, ताई. या पायावर वरचं वजन चढवू नका."

"सेंट्रिंग लागलंय, काँक्रीटची गाडी सांगितलीये," हे चिडले. "गावाला काय सांगू? भ्यालो म्हणून?"

सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "वरती पोरंच निजतीन ना? मंग पोराईले इचार."

हे खड्ड्याच्या काठावर जाऊन वाकले. आत पाणी झिरपायला लागलं होतं. मग त्यांनीच गाडीवाल्याला फोन केला. "येऊ नको." त्याने कारण विचारलं असावं; हे ओरडले, "जमीन मऊ हाये म्हणून!"

सकाळी मजूर सेंट्रिंगच्या प्लेटा काढू लागले. एकेक प्लेट खाली आदळली, की आम्ही तिघंही आधी भिंतीकडे बघायचो. पाया मजबूत करायचं काम इंजिनीअरने पुढच्या आठवड्यात धरलं. तोवर मी खाटा अंगणात टाकल्या.