पुतण्याची हरकत

फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात मी मतदान केंद्राचा प्रमुख होतो. एरवी साधा शाळामास्तर. पण त्या दिवशी हाती नियमांचं पुस्तक होतं आणि मान जरा जास्तच ताठ होती.

दुपारी एक म्हातारी धनगरीण आली. कन्नडच्या घाटाकडं मेंढरं सोडून, मिळेल त्या जीपनं. मतदार कार्ड भटकंतीत हरवलेलं, म्हणून तिनं आधार पुढं केलं. यादीत सासरचं नाव, आधारवर माहेरचं. लग्नात नाव बदललं होतं. पण आधार काढायला नेलं भावानं, आणि बहिणीला तो लहानपणापासून ज्या नावानं हाक मारायचा तेच त्यानं सांगून टाकलं.

"यादीतली बाई ही नव्हं. माझी हरकत हाय," एका उमेदवाराचा प्रतिनिधी उठून म्हणाला.

हा तिचा सख्खा पुतण्या, असं गावच्या तलाठ्यानं माझ्या कानात सांगितलं. चुलतीचं मत विरुद्ध पार्टीला जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"ओळखता का यांना?" मी विचारलं.

"नाय," तो खाली बघत म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. दाराशी दोन्हीकडची पोरं जमली, कुणीतरी शिवी हासडली, पोलीस काठी घेऊन उठला. सगळं गाव तिला ओळखत होतं, मी तिथंच मतदान करू द्यायला हवं होतं. पण उद्या तक्रार झाली तर नोकरी जाईल, ही भीती आडवी आली. मी कोरा कागद पुतण्यापुढं सरकवला.

"लिहून द्या, ही माझी चुलती नाही. खाली सही. खोटं निघालं तर तुरुंगात जाल."

वाटलं, घाबरून माघार घेईल. पण त्यानं पेन उचललं. 'ही बाई माझी' इथवर लिहून झालं.

"सायेब, नगा लिवून घिऊ," म्हातारी एकदम पुढं आली. "मत काय, पाच वर्सांनी पुन्यांदा येतंय. मला पोटचं कुणी नाय. ह्यानं असं लिवलं, तर मी मेल्यावर मला खांदा कोण देईल?"

तिनं टेबलावरचं आधार उचललं, पदराच्या टोकात बांधलं आणि दाराकडं वळली. 'थांबा, मत देऊन जा,' एवढंच मला म्हणायचं होतं.

"पुढचा कोण?" मी म्हणालो.